कुटाराच्या खोलीतले नऊ घास

आधीच सांगून टाकते, मी चुकले नाही! हे सगळं वाचून झाल्यावर तुम्हांला वाटेल की बाई चुकली, पण नाही. बांधावर जे आपोआप उगवतं, त्याच्या चवीपुढे बाजारातल्या फुलकोबीनं पाणी भरावं, हे माझं मत आजही कायम आहे. वरवट बकालच्या चौकात उभी राहून मी ते मोठ्यानं सांगायला तयार आहे. सध्या चौकात जायची जरा पंचाईत आहे, एवढंच.

मी अनुपमा. माहेर रोहिणखेडचं, सासर वरवट बकालचं. घरी नवरा शेखर, सासरे अर्जुनराव, सासूबाई सत्यभामाबाई, दोन बैल आणि एक खोली. खोलीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण भांडण तिचंच होतं. घराच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींची, दोन दारांची, भर उन्हाळ्यातही गार राहणारी ऐसपैस खोली. आणि तिच्यात वर्षानुवर्षं काय भरलेलं? कुटार! हरभरा-गहू मळून झाल्यावर उरतो तो भुसा! म्हणजे माणसं ओसरीत घामाघूम आणि बैलांचा चारा गारव्याला!

यंदा फाल्गुनात जुनं कुटार संपलं आणि मी डाव साधला. खोली झाडली, सारवली, भिंतींना चुना दिला आणि जाहीर केलं, "इथं आता पाहुणे जेवतील!"

बेत असा होता. पुण्याच्या अर्पिता नावाच्या एक बाई हौशी लोकांना घेऊन गावोगावी जेवायला जातात. पळसाच्या फुलांच्या सरबताचा माझा व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि थेट फोन केला. चैत्रातल्या एका रविवारी त्या पाच जणांना घेऊन येणार होत्या. आवडलं तर पुढचे सगळे रविवार माझे! मी त्यांना सांगून बसले, नऊ पदार्थ करते, सगळे रानातले, प्रत्येकाचा एकच घास.

"एकच घास?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं.

"हो. आधी चव घ्यायची. मग दुसरा पदार्थ, दुसरा घास."

"अवं, मांजराले बी आपन दोन घास टाकतो!"

"पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आता असंच असतं, आत्याबाई."

"म्हनूनच तिथले लोक असे वाळकुडे असतात."

मामाजी, म्हणजे सासरे, शेजारीच पान लावत होते. "अन् त्या घासात असन काय?"

"पाथरी, चिवळ, उंबरं, मोहाची फुलं..."

मामाजींनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला. "पाहुन्याले पाथरी? शेळी खाते ते?"

"शेळीला चव कळते, मामाजी!"

हे बोलायला नको होतं. पण त्या पाथरीवरून मला कोणी बोललं की माझं डोकंच फिरतं. रोहिणखेडला माझी आई रोज पाथरी खायची, कच्चीच, भाकरीसोबत, तिखटमीठ लावून. मलाही तीच द्यायची आणि मी बोटं चाटत खायची. पण दारात पाहुणा दिसला की आईचा हात पटकन पुढं यायचा आणि पाथरीची टोपली पोत्याखाली जायची. का? काय चोरून आणली होती का? इतकी छान भाजी, आणि तिची लाज! आई आता नाही. पण तो हात आठवला की मला अजून रडू येतं आणि रागही येतो. म्हणून मी ठरवलं होतं, एकदा तरी पाथरी पाहुण्याच्या पुढ्यात वाढायची, चांगली मिरवत!

"ठीक हाय," मामाजी म्हणाले. "एक रविवार देतो तुले. पाहुने खुश होऊन गेले, आनखी येतो म्हनले, त खोली तुही. नाई त सोमवारी कुटार भरतो. ट्रॉली शेतात भरूनच ठेवतो!"

आणि खरंच ठेवली! वरून ताडपत्री बांधून. सासऱ्यांचा माझ्यावर केवढा विश्वास पाहा.

मग आठवडाभर मी रान पालथं घातलं. काट्याकुट्यांत चांगली साडी कशाला, म्हणून एक विटकी, ठिगळ लावलेली साडी नेसून जायची. तिसऱ्या दिवशी बांधापलीकडून वच्छलाबाईंनी हाक मारली. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आणि घर आमच्या घराला.

"काय तोडून राह्यली वं, अनुपमा?"

"पाथरी, काकू!"

"शेळी घेतली काय?"

"नाही हो, जेवायला! रविवारी पाहुणे आहेत ना घरी!"

वच्छलाबाईंनी टोपलीकडे पाहिलं. मग साडीच्या ठिगळाकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "अन् अर्जुनराव भाऊजी? ते बी हेच खातात काय?"

"खातील! न खाऊन सांगतात कोणाला!" मी ठसक्यात म्हणाले.

वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, उन्हानं.

दुसऱ्या दिवशी शेखर मारुतीच्या देवळामागच्या उंबरावर चढला होता. खालून हिंमतराव जात होते. हे गावातले मोठे शेतकरी, मामाजींचे लहानपणापासूनचे दोस्त आणि तेव्हापासूनचेच स्पर्धक. मामाजींनी विहीर खोदली की यांनी दोन हात जास्त खोल खोदायची, अशी दोस्ती.

"शेखऱ्या, वर काय करून राह्यला बे?"

शेखरला खोटं बोलता येत नाही. "उंबरं तोडून राह्यलो, काका. घरी भाजीले लागतात."

हिंमतराव हसले नाहीत! अर्जुनरावांच्या घरची भाजी उंबरांची, आणि हा माणूस न हसता निघून गेला! शेखरनं घरी येऊन हे सांगितलं, तिथंच मला शंका यायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष मोहाकडे लागलं होतं.

तिकडे पारावर लोक मामाजींना विचारत, "काय चालू हाय घरी?" आणि मामाजी लांब सुस्कारा सोडून म्हणत, "काय सांगू बावा! जे दिसून राह्यलं ते पाहून घ्या." इकडे बायका खोली बघायला आल्या. खोली रिकामी, धुतल्यासारखी स्वच्छ. "कुटार कुठं गेलं वं?" एकीनं विचारलं. "संपलं सगळं!" मी अभिमानानं सांगितलं.

आता आमच्या गावची एक रीत तुम्हांला सांगायला हवी. कोणाच्या घरी अडचण आली तर इथं विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्याला लाज वाटते. गुपचूप मागच्या दारानं डबा येतो. कोणी बोलत नाही, कोणी सांगत नाही. आलेला डबा परत करायचा नाही, आधी पाहुण्याच्या पानात वाढायचा. आणि भांडं घरी पाठवताना रिकामं पाठवायचं नाही. रीत फार चांगली आहे. फक्त अडचण खरी असावी लागते!

रविवार उजाडला. शेखरनं नांदुऱ्याला रेल्वेवरून सहाही जणांना गाडीत घालून आणलं. अर्पिताबाई चाळिशीच्या, हसऱ्या, हातात वही. बाकीचे पाचही जण चवीनं खाणारे, त्यांतला एक उंच गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून. खोलीत पाट मांडलेले, पुढे पळसाच्या पानांचे द्रोण. शेजारच्या अंगणातून सकाळपासून गोवऱ्यांचा धूर येत होता. मला वाटलं, वच्छलाबाईंचा काही नवस असेल.

पळसाचं केशरी सरबत दिलं, त्याचे फोटो निघाले. शेवग्याच्या फुलांची वडी गेली. कवठाच्या चटणीला कॅमेऱ्यावाल्यानं "वा!" म्हटलं. मग मी छाती पुढे काढून चौथा घास आणला. पाथरी! कोवळी पानं, आत शेंगदाण्याचं तिखट, वर तेलाचा थेंब.

अर्पिताबाईंनी डोळे मिटून खाल्लं. मग त्यांनी विचारलं, "हिला काय म्हणतात?"

"पाथरी."

"अजून एक मिळेल?"

काय सांगू तुम्हांला! आई, ऐकलंस का? पाहुणीनं पाथरी मागून घेतली! मी दुसरा घास आणायला वळले, आणि त्याच क्षणी मागचं दार ढकलून वच्छलाबाई आत आल्या. डोक्यावर पातेलं!

"गुमान घे, माय," त्या कुजबुजल्या. त्यांची कुजबुज दोन शेतं ओलांडून जाते. "कोनाले सांगत नाई मी."

पातेल्यात वांग्याची भाजी होती, झणझणीत, वर बोटभर तेल.

"काकू, हे कशाला? परत न्या बरं!"

"आलेलं वापस करतात काय वं?" असं म्हणत आत्याबाईंनी पातेलं उतरवून घेतलं. त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला होता. एकेका घासानं त्यांचा जीव नुसता गुदमरत होता!

वच्छलाबाईंच्या मागे वरणाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, आला. त्यामागे भाताचं भगुणं. त्यामागे तुपाची चरवी. आणि त्यामागे दोन बायका दोन्ही बाजूंनी धरून एक मोठी पाटी घेऊन आल्या, आणि खोलीभर वास सुटला. रोडगे! गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकलेले, फोडले की आतून वाफ निघणारे रोडगे! सकाळपासूनचा तो धूर आमच्याच नावाचा होता!

मी धावत जाऊन मागच्या दाराची कडी घातली. "आज या खोलीत फक्त रानातलं वाढलं जाईल!" मी ओरडले. बायका शांतपणे घराला वळसा घालून पुढच्या दारानं आल्या.

"एवढंसं काऊन वाढलं वं? लाजून राह्यली काय?" म्हणत वच्छलाबाईंनी माझ्या नाजूक द्रोणात अख्खा रोडगा फोडला, त्यावर तूप ओतलं, त्यावर वरण. अर्पिताबाई कौतुकानं वाकून बघत म्हणाल्या, "हा पाचवा घास का? हे कुठल्या झाडाचं?"

"गव्हाचं, माय!" वच्छलाबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि मग मान वर केलीच नाही. थोड्या वेळानं कॅमेऱ्यावाला म्हणाला, "पुरे!" आमच्याकडे पुरे हा शब्द वाढणाऱ्याला ऐकू येत नाही. त्याच्या पानात आणखी एक रोडगा पडला. त्यानं पानावर आडवा हात धरला, तर हातावर तूप पडलं! एका पाहुण्यानं कमरेचा पट्टा सैल केला. एकानं भिंतीला पाठ टेकली. कॅमेरा केव्हाच पाटाखाली गेला होता.

पण मी काय हार मानते? माझे पाच घास अजून बाकी होते. चिवळीचा झुणका, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं आंबट वरण, कडुनिंबाच्या मोहोराची चटणी, उंबराची भाजी आणि शेवटी मोहाची गोड पुरी. सहा माणसं, पाच घास. तीस द्रोण मी त्यांच्यापुढे ओळीनं मांडले.

"अनुपमाताई," अर्पिताबाई हात जोडून म्हणाल्या, "जरा श्वास घेऊ द्या."

"श्वास नंतर! चिवळ खाल्ल्याशिवाय कोणी उठायचं नाही!"

तेवढ्यात पुढच्या दारातून हिंमतराव आले. टोपी हातात, मान खाली. थेट मामाजींजवळ गेले आणि भर खोलीत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अर्जुन, इतकी वेळ आली अन् मले सांगतलं नाई?"

"कोनती वेळ?" मामाजींनी विचारलं.

"लपवू नोको बावा. पोरगा उंबरावर चढून राह्यला. सून तण शिजवून राह्यली. बैलाले कुटार नाई. साऱ्या गावाले मालूम हाय. आमी काय परके हाओत?"

हातात पळी घेतलेल्या वच्छलाबाई, चरवीवाली, पाटीवाल्या, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं, ठिगळाची साडी, उंबर, सुस्कारा, रिकामी खोली!

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाललाल झाला होता. आता त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की हे सगळं या सुनेचं खूळ आहे. म्हटलं असतं तर घराची अब्रू वाचली असती आणि माझी खोली गेली असती. मी डोळे मिटून घेतले.

"माह्या घरी कोनतीच वेळ नाई आली!" मामाजी गरजले. "पाथरी हे आमची हौस हाय! आमी रोज खातो!"

"रोज?" हिंमतरावांनी विचारलं.

"दोन्ही टाइम!"

आणि आठवडाभर ज्या माणसानं पाथरीच्या टोपलीकडे पाहिलंही नव्हतं, तो मांडी घालून खाली बसला आणि पाहुण्यांपुढचा पहिला द्रोण त्यानं स्वतःकडे ओढला! एक घास. मग दुसरा. चिवळ गेली, आंबट वरण गेलं, कडुनिंबाला तोंड वाकडं झालं पण तेही गेलं. हिंमतराव समोर उभे होते, त्यामुळे थांबता येत नव्हतं. दहाव्या द्रोणानंतर मामाजी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हे गोड काय हाय वं?"

"मोह, मामाजी."

"असा लागते काय तो?" म्हणून त्यांनी बाकीच्या पाचही पुऱ्या आधी संपवल्या. मग उरलेलं सगळं. तीस द्रोण! शेवटचा द्रोण पालथा घालून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आयकून घ्या सारे! हे खोली आजपासून माह्या सुनेची! इथं हेच शिजन!"

मी जिंकले! मी मोठ्या दिमाखानं खोलीभर नजर फिरवली. आणि पाहते तर काय, सगळ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"कसा हपापून खाऊन राह्यला!" वच्छलाबाईंना हुंदका फुटला. "किती दिवसाचा उपाशी असन वं, माय!"

हिंमतरावांनी दोस्ताच्या पाठीवर हात फिरवला आणि तरातरा बाहेर गेले.

पाहुण्यांना आधार देऊन गाडीत बसवावं लागलं. शेखर आणि मी त्यांना पोचवायला नांदुऱ्यापर्यंत गेलो. निघताना मामाजी ओसरीत उताणे झोपले होते, पोटावर दोन्ही हात. रस्ताभर मी शेखरला सांगत होते, खोलीला खिडकी पाडू, दारावर पाटी लावू. तो हो हो म्हणत होता.

दिवस मावळताना परत आलो. मी चपला काढून आधी मागच्या खोलीकडे धावले, दार उघडलं, आणि गुडघ्याएवढं कुटार माझ्या पायांवर घसरलं. आत खालपासून आढ्यापर्यंत कुटार! माझा ताजा चुना कुठं दिसत नव्हता!

"हिंमतरावनं दोन ट्रॉल्या पाठवल्या," आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या. "मानसं आली अन् भरून बी गेली. कुटाराची खोली कोनाले मालूम नाई? मी काय म्हनू? आलेलं वापस करतात काय?"

"मामाजींना उठवायचं होतं!"

"उठवलं ना! तीस द्रोन खाऊन कोन उठते वं?"

मामाजी डोळे चोळत आले. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं. "बोललो ते बोललो," ते गंभीरपणे म्हणाले. "खोली तुहीच हाय. आतलं कुटार तेवढं हिंमतरावचं."

"मग ते बाहेर काढा!"

"दोस्तानं प्रेमानं देल्लेलं बाहेर फेकू? बैल खातीन ना! पुढच्या फाल्गुनापर्यंत होते रिकामी." आणि जाता जाता वळून म्हणाले, "माही ट्रॉली शेतातच उभी हाय. ते कुठं टाकू, तूच सांग आता."

तेवढ्यात अर्पिताबाईंचा निरोप आला. रेल्वेत बसल्या बसल्या पाठवला होता. 'अप्रतिम! पुढच्या रविवारी बारा जण येतो. ते भाजलेले गोळे मात्र हवेतच! बाकीचे छोटे घास नसले तरी चालेल.'

मी तिथल्या तिथं लिहून पाठवलं, 'चालणार नाही.'

कुठं बसवणार, ते नंतर बघू! पण आधी एक हिशेब चुकता करायचा होता. स्वयंपाकघरात गावाची सतरा भांडी पडली होती. पातेली, गंज, डबे, चरवी. भांडं रिकामं पाठवायचं नाही ना? ठीक आहे! सोमवारी मी सतराही भांडी घासली आणि बांधावर उरलेली होती नव्हती तेवढी पाथरी खुडून, निवडून, फोडणी देऊन काठोकाठ भरली. कळू दे गावाला चव! मी स्वतः घरोघर गेले आणि प्रत्येक दारात ताठ मानेनं सांगितलं, "घ्या, पाथरी आहे! हौसेनं केली आहे!" माझी आई जी टोपली लपवायची, ती मी सतरा घरांत उघडी नेऊन ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आज सकाळी दार उघडलं. ओट्यावर काठोकाठ भरलेली एकवीस भांडी. पलीकडे पदर डोळ्यांना लावून वच्छलाबाई कोणाला तरी सांगत होत्या, "घरात दुसरं काईच नाई, तरी पोरीनं भांडं रिकामं नाई पाठवलं!"

आता ही एकवीस भांडी परत करायची आहेत, आणि पाथरी संपली आहे.

पण बांधावर अजून चिवळ आहे!